कॅटफिश पकडायचा तर आधी पाणी निवडा, मग आमिष

कॅटफिशचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: आमिष काय लावता? मग कुणी आंबवलेल्या कोळंबीचं गुणगान करतो, तर कुणी रक्तात मळलेल्या पिठाच्या गोळ्याचं. तलाव केवढा, किती खोल, त्यात कॅटफिशची नेमकी कुठली जात आहे, हे फारसं कुणी विचारत नाही. माझ्या मते हे प्रश्न आधी यायला हवेत. जिथे मासाच नाही तिथे उत्तमातलं आमिषही तासन्‌तास तसंच पडून राहतं. जिथे मासा चरायला येतो तिथे साधं गांडूळही पुरतं. म्हणून या लेखात आधी पाण्याबद्दल बोलू आणि आमिषाकडे नंतर वळू.

मोठ्या माशासाठी दूरच्या नदीवरच जावं लागतं, असाही एक समज आहे. अमेरिकेतल्या तीन मोठ्या कॅटफिशचे जागतिक विक्रम पाहा. २६.३ किलोचा चॅनल कॅटफिश १९६४ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या सँटी-कूपर जलाशयात लागला, सुमारे ५६ किलोचा फ्लॅटहेड १९९८ मध्ये कॅन्ससच्या एल्क सिटी जलाशयात, आणि सुमारे ६५ किलोचा ब्लू कॅटफिश २०११ मध्ये व्हर्जिनियातल्या कर लेकमध्ये. ही तिन्ही पाणी माणसाने भिंत घालून अडवलेली आहेत. युरोपातला वेल्स कॅटफिश इटलीच्या पो नदीत पावणेतीन मीटरच्या पुढे वाढलेला सापडला आहे हे खरं, पण अडवलेल्या पाण्यातही कॅटफिश भरपूर वाढतो.

तुमच्या पाण्यात कुठली जात आहे?

कॅटफिश हे एकाच माशाचं नाव नाही. मिशा असलेल्या या माशांच्या ३,००० हून अधिक जाती आहेत आणि त्यांच्या खाण्याच्या सवयी एकमेकींपासून फार वेगळ्या आहेत. आमिषाबद्दल जे उलटसुलट सल्ले ऐकू येतात त्यांचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. एक जण चॅनल कॅटफिशबद्दल बोलत असतो, दुसरा फ्लॅटहेडबद्दल, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

चॅनल कॅटफिश जवळपास सगळं खातो: किडे, शिंपले, मेलेले मासे, पाण्यात पडलेली फळं आणि बिया. त्याची शेपटी खोल दुभंगलेली असते, अंगावर बऱ्याचदा काळे ठिपके असतात आणि पोटाखालच्या लांब पराची कड गोलसर असते. ब्लू कॅटफिशच्या त्याच पराची कड पट्टी लावून कापल्यासारखी सरळ असते. तो मोठा झाला की मुख्यतः मासे खातो, मग ते जिवंत असोत वा मेलेले. फ्लॅटहेडचं डोकं चपटं, खालचा जबडा पुढे आलेला आणि शेपटी जवळपास न दुभंगलेली. वाढलेल्या फ्लॅटहेडला जिवंत भक्ष्य लागतं. वास मारणाऱ्या गोळ्यांकडे तो सहसा फिरकत नाही. वेल्सच्या वरच्या जबड्याला दोन लांब आणि हनुवटीखाली चार आखूड मिशा असतात. गांडुळापासून माशापर्यंत त्याला बरंच काही चालतं.

दक्षिण आशियातल्या पाण्यात शिवडा भेटतो. रुंद जबडा, चपटं लांब शरीर आणि पक्की शिकारी वृत्ती. शिंगटा वाहत्या आणि मोठ्या पाण्यातला. मागूर आणि शिंगी मात्र अगदी वेगळ्या घडणीचे. कल्ल्यांच्या जोडीला त्यांच्याकडे हवेतून श्वास घेण्याची सोय असते. त्यामुळे जिथे दुसरा मासा गुदमरून मरेल अशा उथळ, गाळाने भरलेल्या तळ्यातही ते तगतात. संध्याकाळी एखाद्या डबक्यात माशाने वर येऊन घोट घेतल्यासारखं तोंड उघडलं आणि लगेच बुडी मारली, तर ते बहुधा यांचंच काम असतं.

तुमच्या तलावात यातलं काय आहे हे कळायचे तीन रस्ते आहेत. पहिला, मत्स्य विभागाच्या नोंदी. तलावात बीज, म्हणजे माशांची पिल्लं, सोडलं असेल तर जात आणि वर्ष तिथे मिळतं. दुसरा, जाळं टाकणारे मासेमार. त्यांना “मोठा मासा कुठे मिळतो?” असं विचारू नका. “तळाच्या जाळ्यात काय येतं, आणि कुठल्या महिन्यात?” असं विचारा. त्याचं उत्तर जास्त उपयोगी पडतं. तिसरा रस्ता म्हणजे स्वतः लहान गळावर गांडूळ लावून दोन-चार संध्याकाळी बसणं. लहान कॅटफिश लागू लागले की त्या पाण्यात त्यांची पैदास होते आहे, किंवा बीज तरी नुकतंच सोडलेलं आहे, असं समजायचं.

नकाशावरून तलाव शोधणं

नकाशा उघडून निळे ठिपके मोजण्यात अर्थ नाही, कारण त्यातले बरेच ठिपके उन्हाळ्यात कोरडे पडतात. वर्षभर पाणी टिकतं की नाही हे पाहायला युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्राने केलेला ‘ग्लोबल सरफेस वॉटर एक्सप्लोरर’ हा नकाशा मोफत वापरता येतो. १९८४ पासूनच्या लँडसॅट उपग्रहाच्या चित्रांवरून कुठलं पाणी बारमाही आणि कुठलं हंगामी हे त्यात रंगांनी दाखवलेलं असतं. दरवर्षी आटणाऱ्या तलावात मोठा कॅटफिश वाढायला वेळच मिळत नाही. मागूर-शिंगीसारखे चिवट मासे तेवढे याला अपवाद.

बारमाही तलावांची छोटी यादी झाली की गूगल अर्थमध्ये जाऊन जुन्या वर्षांची चित्रं एकेक करून पाहा. माझ्या दृष्टीने सगळ्या तयारीतलं हे सर्वांत मोलाचं काम आहे. दुष्काळाच्या एखाद्या वर्षी पाणी खूप खाली गेलेलं असतं आणि एरवी झाकलेला तळ उघडा पडलेला दिसतो. जुन्या नदीचं वळणं घेत गेलेलं पात्र, त्याला येऊन मिळणारे ओढे, बुडालेला रस्ता, दगडी बांध, झाडांचे बुंधे, माती काढलेले खड्डे. भरलेल्या तलावात मासे याच खुणांच्या आसपास असतात. त्या खुणा आजच्या चित्रावर ठेवून पाहा आणि काठापासून गळ पोचेल एवढ्या अंतरावर कुठली खूण येते ते टिपून ठेवा.

कागदावर उतरवून घ्याव्यात अशा जागा साधारण या: जुन्या पात्राच्या वळणाची बाहेरची बाजू, दोन ओढे जिथे मिळत होते तो संगम, भिंतीचं दगडी पिचिंग (पाण्याकडच्या उतारावर रचलेले दगड), आणि उथळ सपाटीचा काठ जिथे अचानक खोल पाण्यात उतरतो ती कड. शेवटची जागा मला सगळ्यांत आवडते. दिवसा कॅटफिश खोलात पडून राहतो आणि अंधार पडला की त्याच कडेने वर सपाटीवर चरायला येतो. त्याच्या वाटेत आमिष ठेवलं की त्याला शोधत फिरायची गरज पडत नाही.

जायच्या आठवड्यातलं पाणी कसं आहे हे सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रांत दिसतं. दर काही दिवसांनी नवं चित्र येतं. पावसानंतर गढूळ पाण्याची जीभ तलावात कुठपर्यंत शिरली आहे आणि हिरव्या शेवाळाची साय कुठे साचली आहे, एवढं त्यावरून नक्की कळतं.

एखादा तलाव मनात भरला की परवान्याची चौकशी तिथेच उरकून घ्या. पाण्याचा मालक कोण, मासेमारीचा ठेका कुणाकडे आहे, रात्री बसायला परवानगी आहे का, विणीच्या काळात बंदी असते का, जिवंत आमिष चालतं का, किती लांबीखालचा मासा परत सोडावा लागतो. पिण्याच्या पाण्याच्या तलावांवर आणि धरणांच्या भिंतींवर बऱ्याच ठिकाणी प्रवेशच नसतो.

काठावर पोचल्यावर

पहिल्या फेरीत मासा धरायचा हट्ट नको. दुपारी उजेडात जा. रॉडला गळ न लावता फक्त ४०-५० ग्रॅमचं शिसं बांधा आणि एकाच जागेवरून पंख्यासारखं चहूकडे फेका. शिसं पाण्याला लागल्यापासून तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) ढिला पडेपर्यंत मनात एका लयीत आकडे मोजा. एका बाजूला सहा आणि जरा शेजारी अकरा आले, तर मधे कुठेतरी कड आहे. मग शिसं हळूहळू ओढा आणि हाताला काय लागतं ते ध्यानात घ्या. टकटक असे बारीक धक्के बसले तर खडी किंवा दगड. जड, चिकट, गुळगुळीत ओढ असेल तर गाळ. अडकतं, ताणतं आणि एकदम सुटतं तर पाणवनस्पती. कॅटफिशला गाळच आवडतो असं समजून बरेच जण मऊ गाळात आमिष टाकतात आणि ते बुडून दिसेनासं होतं. घट्ट तळ आणि मऊ तळ जिथे मिळतात ती जागा जास्त चांगली.

शिसं वर आल्यावर त्याला लागलेला चिखल नाकाशी धरून बघा. तो काळा असेल आणि त्याला कुजलेल्या अंड्यासारखा वास येत असेल, तर तिथे तळाशी प्राणवायू नाही. उन्हाळ्यात साचलेल्या खोल पाण्याचे थर पडतात. वरचं पाणी गरम आणि हलकं राहतं, खालचं थंड आणि जड. वारा वरचं पाणी ढवळतो, खालच्या थरापर्यंत तो पोचत नाही. तळाशी कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्याने तिथला प्राणवायू संपतो आणि मासे तिथून उठतात. म्हणून कडक उन्हाळ्यात ‘सगळ्यांत खोल जागा शोधा’ हा सल्ला बऱ्याच तलावांत चुकीचा ठरतो. थर कुठे बदलतो हे कळायला साधा तापमापक दोरीला बांधून मीटर-मीटरने खाली सोडा, प्रत्येक टप्प्यावर मिनिट-दोन मिनिटं ठेवा आणि झटकन वर ओढून आकडा वाचा. आधी तापमान हळूहळू उतरतं, मग एका मीटरमध्येच एक अंशाहून जास्त पडतं. तिथून थर बदलायला लागतो, आणि आमिष त्याच्या वरच असायला हवं. थर चार मीटरवर असेल तर तीन-साडेतीन मीटर खोलीचा तळ शोधायचा.

वाऱ्याकडेही बघा. बराच वेळ एकाच दिशेने वारा वाहत असेल तर ज्या काठावर लाटा आपटतात तिथे बसा, तोंडावर वारा आला तरी चालेल. वाऱ्याबरोबर वरचं पाणी आणि त्यातलं सूक्ष्म खाद्य त्या काठाकडे सरकतं, त्यामागे लहान मासे येतात आणि त्यांच्या मागे मोठे. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. काठाला येऊन थडकलेलं पाणी खालून पुन्हा तलावाच्या आत परततं. म्हणजे तळावर ठेवलेल्या आमिषाची चव आपोआप खोल पाण्याकडे जात राहते. मासा जिकडे आहे तिकडे निरोप पोचतो.

पाऊस पडून ओढे वाहू लागले की सगळं सोडून ओढ्याच्या तोंडाशी जा. वाहून आलेली गांडुळं, किडे आणि बिया तिथे साचतात. गढूळ आणि निवळ पाण्याची जी रेघ दिसते तिच्या दोन्ही बाजूंना गळ टाका.

पाण्याचं तापमान आणि वेळ

चॅनल कॅटफिश साधारण २१ ते २९ अंश सेल्सिअसच्या पाण्यात जोरात खातो आणि १० अंशांच्या खाली जवळपास गप्प पडतो. फ्लॅटहेडही थंडीत सुस्तावतो. ब्लू मात्र गार पाण्यातही फिरत राहतो, म्हणून हिवाळ्यात मोठा मासा हवा असेल तर त्याच्यामागे लागावं. पाणी २४ अंशांच्या पुढे गेलं की चॅनलची वीण सुरू होते. नर दगडांच्या कपारीत किंवा ओंडक्याखाली अंडी राखत बसतो आणि त्या दिवसांत खाण्याकडे त्याचं फारसं लक्ष नसतं. भरात आलेला तलाव अचानक थंडावला असं वाटतं त्याचं कारण बऱ्याचदा हे असतं. विणीला बसलेल्या नराला कपारीतून उचलला तर ती अंडी इतर मासे खाऊन टाकतात. म्हणून त्या दोन-तीन आठवड्यांत दगडांच्या फटीत गळ सोडू नये असं मी कळकळीने सांगेन, मग कायद्याने बंदी असो वा नसो.

सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीपासून पुढचे तीन-चार तास ही माझ्या मते सर्वांत चांगली वेळ. हिरव्यागार शेवाळी तलावात पहाटेची वेळ मात्र टाळा. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं आणि रात्रभर तेच तो वापरतं. त्यामुळे सूर्योदयाच्या जरा आधी पाण्यातला प्राणवायू सगळ्यांत कमी असतो आणि कल्ल्यांवर जगणारा मासा तेव्हा खाण्यापेक्षा श्वास घेण्यात गुंतलेला असतो.

आमिषाचं खरं काम

कॅटफिशच्या चवीच्या गाठी फक्त तोंडात नसतात. ओठ, मिशा आणि कातडी, सगळीकडे त्या पसरलेल्या असतात. एका चॅनल कॅटफिशच्या अंगावर त्यांची संख्या एक लाखाच्या वर जाते. माणसाच्या जिभेवर त्या जेमतेम १०,००० पर्यंत असतात. या गाठी विशेषतः अमिनो आम्लं ओळखतात, म्हणजे मांस, रक्त आणि माशाच्या रसात असलेले प्रथिनांचे घटक. हे घटक पाण्यात विरघळतात. तेल विरघळत नाही, ते वर तरंगत जातं.

एवढं ध्यानात ठेवलं की आमिषाबद्दलचे निम्मे वाद मिटतात. आपल्या नाकाला घाण येते म्हणून ते आमिष चांगलं, असं काही नाही. पाण्यात रस किती सुटतो हे महत्त्वाचं. ताज्या कापलेल्या माशाच्या तुकड्यातून तो भरपूर सुटतो. उन्हात सडून लिबलिबीत झालेल्या तुकड्यात फारसा उरलेला नसतो, आणि तो गळावरही टिकत नाही. मोठे ब्लू आणि फ्लॅटहेड तर सडकं सरळ नाकारतात. आंबवलेल्या लगद्यावर येतो तो मुख्यतः लहान-मध्यम चॅनल, आणि तोही पाणी गरम असताना.

माशाचे तुकडे मी सगळ्यांत वर ठेवतो. आमिषाचा मासा त्याच पाण्यातला असेल तर उत्तम. कापायची रीत अशी. शेपटी आधी छाटून टाका, नाहीतर ओढताना आमिष पाण्यात गरगर फिरतं आणि तंगूसाला पीळ पडतो. मग कल्ल्यांच्या मागच्या परापासून तिरका काप देऊन डोकं वेगळं करा, पण काळीज-आतडी डोक्याला लटकलेली राहू द्या. हा तुकडा सर्वांत जास्त रस सोडतो आणि टणकही असतो, त्यामुळे कासवं आणि बारीक मासे तो लगेच पळवू शकत नाहीत. गळ वरच्या ओठातून किंवा डोळ्यांच्या खोबणीतून काढा. उरलेल्या धडाचे दोन बोटं रुंदीचे तुकडे करा आणि गळ पाठीच्या कडेने, कातडीतून घाला. कुठलाही तुकडा असो, गळाचं टोक उघडं राहिलं पाहिजे. आमिषात रुतलेलं टोक माशाच्या जबड्यात शिरत नाही. वीस-पंचवीस मिनिटांत तुकडा धुतला जाऊन पांढुरका पडतो. तो बदला. आळस करून तोच तुकडा दोन तास ठेवणाऱ्याने मासा येत नाही अशी तक्रार करू नये.

गांडुळं कुठल्याही पाण्यात, कुठल्याही ऋतूत चालतात. पाणी गार असताना आणि पावसानंतर तर त्यांना तोड नाही. मागूर, शिंगी आणि लहान चॅनलसाठी एक-दोन पुरतात. वेल्ससाठी अख्खा झुबका लावावा लागतो. अडचण एवढीच की इतर मासेही त्यांच्यावर तुटून पडतात.

कोंबडीची कलेजी रस भरपूर सोडते, पण रॉड जोरात फिरवला की आमिष एकीकडे आणि गळ दुसरीकडे जातो. त्यावर उपाय आहे. आदल्या रात्री तुकड्यांवर जाडं मीठ भुरभुरवून गार जागी ठेवा. पाणी सुटून कलेजी चिवट होते. मग गळावर चढवून बारीक शिवणदोऱ्याचे सात-आठ वेढे द्या. फेकताना झटका न देता रॉड सावकाश, झोका दिल्यासारखा फिरवा.

कोळंबी सोलून लावली तर रस लवकर पसरतो, सालासकट लावली तर जास्त टिकते. बारीक मासे त्रास देत असतील तर साल राहू द्या.

ज्या तळ्यात माशांना रोज कारखान्यातलं दाणेदार खाद्य घालतात तिथे मासा त्याच चवीला सरावलेला असतो. तेच दाणे कोमट पाण्यात भिजवून कुस्करा, थोडं पीठ आणि अंडं घालून घट्ट मळा, आणि अर्ध्या लिंबाएवढा गोळा गळावर दाबा. बादलीत टाकून पाहा. दहा मिनिटांत कडा विरघळू लागायला हव्यात आणि गाभा शाबूत राहायला हवा. लगेच फुटला तर पीठ वाढवा. अर्ध्या तासाने तसाच असेल तर पाणी वाढवा.

फ्लॅटहेड, शिवडा आणि मोठ्या वेल्ससाठी जिवंत मासा लागतो. जिथे नियमाने चालतं तिथेच तो वापरा आणि त्याच तलावातून पकडलेलाच वापरा. एका पाण्यातला मासा दुसऱ्या पाण्यात नेला की त्याच्याबरोबर रोग जातात आणि परकी जातही. आफ्रिकी मागूर अशाच हलगर्जीपणातून कितीतरी देशांच्या पाण्यात शिरला आणि तिथल्या माशांच्या मुळावर आला.

सुरुवातीलाच सगळी आमिषं घेऊन जायची गरज नाही. दोन रॉड, एकावर माशाचा तुकडा, दुसऱ्यावर गांडुळं. तासाभरात कशावर ओढ आली ते बघून दुसराही त्याच आमिषावर आणा. अर्धा-पाऊण तास दोन्हीवर काहीच नसेल तर आमिष बदलण्याआधी जागा बदला.

गळ आणि मांडणी

तलावासाठी सरकत्या शिशाची मांडणी पुरेशी आहे. मुख्य तंगूसात ३० ते ६० ग्रॅमचं भोक असलेलं शिसं ओवा, त्यामागे एक मणी, मग फिरकी (तंगूसाला पीळ पडू न देणारा स्विव्हल) बांधा. फिरकीच्या दुसऱ्या टोकाला वीतभर ते दोन विती लांबीचा जाड तंगूस आणि त्याला गळ. मासा आमिष उचलून निघाला की तंगूस शिशातून सरकतो आणि त्याला वजन जाणवत नाही. तळ गाळाचा असेल तर गळापासून चार बोटं अलीकडे बोराएवढा फ्लोट बांधा, म्हणजे आमिष गाळाच्या वर उचललेलं राहतं.

मध्यम माशासाठी ८-१० किलो ताकदीचा तंगूस ठीक. वीस किलोच्या पुढचा मासा अपेक्षित असेल तर विणलेली दोरी घ्या, तीही दुप्पट-तिप्पट ताकदीची, कारण तो ओंडक्यात शिरला की तिथून ओढून काढावा लागतो.

गळ गोल, म्हणजे सर्कल हुक घ्या. लहान-मध्यम माशासाठी साधारण ३/० ते ६/० मापाचा, मोठ्यासाठी ८/० आणि त्याहून मोठा. या गळाला झटका द्यायचा नसतो. रॉडचं टोक एकदोनदा थरथरलं तर हात लावू नका. टोक वाकून वाकलेलंच राहिलं की रॉड उचलत संथपणे रील फिरवा. गळ घशातून सरकत येतो आणि जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. आतड्यात रुतलेला गळ घेऊन परत सोडलेला मासा बऱ्याचदा जगत नाही, म्हणून सोडून द्यायचा विचार असेल तर दुसरा गळ वापरूच नये.

रॉड स्टँडमध्ये घट्ट रोवा आणि रीलची पकड थोडी सैल ठेवा. काठावर नुसता टेकवून ठेवलेला रॉड मोठा कॅटफिश क्षणात पाण्यात ओढून नेतो.

मासा हातात आल्यावर

पाठीवर एक आणि छातीच्या दोन्ही परांना एकेक असे तीन टोकदार काटे असतात. घाबरलेला मासा ते ताठ करून अडकवून ठेवतो. अनेक जातींच्या काट्यांत विष असतं, आणि शिंगीचं त्यात फार वाईट. लहान मासा जास्त टोचतो, कारण त्याचे काटे अणकुचीदार असतात. हात ओला करून मागून पुढे न्या आणि बोटं छातीच्या काट्यांच्या मागे राहतील असा पोटाखालून धरा. पायाने दाबू नका, काटा चपलेतूनही आत जातो. काटा लागलाच तर जखम धुवा आणि सोसेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आत, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. पाण्याचा अंदाज नेहमी न दुखणाऱ्या हाताने घ्या, दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. तुकडा आत राहिला असेल, सूज वाढत असेल किंवा श्वासाला त्रास होत असेल तर थेट डॉक्टरकडे जा.

खायला न्यायचा असेल तर मध्यम मासा न्या आणि मोठा सोडा. मोठी मादी कितीतरी जास्त अंडी घालते. शिवाय वर्षानुवर्षं इतर मासे खाऊन वाढलेल्या जुन्या माशाच्या मांसात पाऱ्यासारखी द्रव्यं साठत गेलेली असू शकतात. शिवडा आणि देशी मागूर दोघेही आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत आहेत. ते लागले तर पाण्याच्या पातळीवरच गळ काढून जाऊ द्या. उरलेलं जिवंत आमिष तलावात ओतू नका. दुसऱ्या तलावावर जायच्या आधी जाळी, बूट आणि बादली धुवून पूर्ण वाळवा.